रागाला संध्याकाळची मुदत

चर्चच्या सणाची पत्रिका छापून येते आणि देणगीदारांच्या यादीत नेमके आपलेच नाव राहिलेले असते. नात्यातल्या लग्नात फोटोसाठी एकेकाला व्यासपीठावर बोलावतात आणि आपल्याला विसरतात. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टोमणा मारतो आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. पैशाचे नुकसान काही झालेले नसते, तरी तळपायाची आग मस्तकात जाते. रात्री झोप लागत नाही. जे उत्तर तेव्हा सुचले नव्हते ते आता चांगले धार लावून सुचते.

ख्रिस्ती माणसाची अशा वेळी दुहेरी पंचाईत होते. अपमान झोंबत असतोच, वर आपल्याला राग आलाच कसा याची लाजही वाटते. क्षमा करणाऱ्या प्रभूच्या माणसाने असे चिडावे का? मग तो ‘छे, मला काही वाटलं नाही’ म्हणतो, हसून ‘प्रभूची स्तुती’ म्हणतो आणि पुढची दोन वर्षे तो माणूस समोरून आला की मान वळवतो.

बायबलचा आणि ख्रिस्ती परंपरेचा सल्ला याहून बराच व्यवहारी आहे. तिथे रागाला बंदी नाही, मुदत आहे. आणि त्या मुदतीत राग कुठे न्यायचा हेही सांगितलेले आहे. तो सल्ला इथे टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

राग हेच पाप का?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. शब्बाथाचा दिवस, सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस, आणि येशू त्याला आज बरे करतो की काय हे पाहायला टपून बसलेले लोक. येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिले, असे मार्क आडपडदा न ठेवता लिहितो. त्यांच्या मनाच्या कठोरपणाचे येशूला दुःख झाले, हेही तो त्याच वाक्यात सांगतो. त्या रागातून पुढे निघाले ते त्या माणसाचे बरे होणे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२६) राग येणार हे गृहीतच धरले आहे. सांगणे एवढेच आहे की त्या भरात पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत तो सोबत ठेवू नका. त्याआधी कितीतरी, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, हाबेलाचे अर्पण मान्य झाले आणि आपले झाले नाही म्हणून काइन संतापला. देवाने त्याला लगेच शिक्षा केली नाही. आधी विचारले, तू का रागावलास? आणि सावध केले की पाप दाराशी दबा धरून आहे, तू त्याच्यावर ताबा मिळव. राग आणि खून यांच्यामध्ये काइनाला वेळ मिळाला होता. तो त्याने वापरला नाही.

ख्रिस्ती विचारवंतांचे या बाबतीत अगदी एकमत नाही. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस म्हणतो की कारण रास्त असेल, प्रमाण सुटले नसेल आणि हेतू न्यायाचा असेल, तर राग सद्गुणाच्या बाजूने उभा राहू शकतो. पाचव्या शतकातला संन्यासी योहान कासियन मात्र अशा ‘रास्त’ रागाला फार बिचकतो. डोळ्यांवर सोन्याचा पत्रा ठेवला काय किंवा शिशाचा ठेवला काय, दिसायचे ते बंदच होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. रागवायचेच असेल तर स्वतःच्या पापावर रागवा, एवढीच तो मुभा देतो.

रोजच्या जगण्यात दोघांचेही ऐकता येते. येशूचा राग बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी होता: दुबळ्यांसाठी, मुलांसाठी, मंदिरात नाडल्या जाणाऱ्यांसाठी. स्वतःची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२३) आहे. म्हणून दुसऱ्यावरच्या अन्यायाने आलेला राग पारखून घ्यावा, आणि स्वतःच्या मानासाठी आलेला दोनदा पारखून घ्यावा.

अपमान इतका का झोंबतो?

‘त्याने राग आणला’ असे आपण म्हणतो, जणू राग बाहेरून आला. कासियनने याची स्वतःवरच परीक्षा पाहिली होती. माणसांच्या कटकटीपासून दूर, एकांतात राहायला गेल्यावर आपण कशाकशावर चिडलो ते त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. बोरू फार जाड निघाला किंवा फार बारीक निघाला, सुरीची धार गेली, गारगोटीतून ठिणगी लवकर पडेना. निर्जीव वस्तूंवर आपण तोंडसुख घेत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. माणसे टाळल्याने राग जात नाही, हा त्याचा निष्कर्ष. चर्च बदलले, सोसायटी बदलली, वेगळा संसार थाटला, तरी चिडका स्वभाव सामानाबरोबर येतो.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: माझे नेमके काय दुखावले? मान गेला, कष्टांची दखल घेतली गेली नाही, विश्वास तुटला, की जुनी जखम पुन्हा उघडी झाली? बायबलमध्ये देव रागावलेल्या माणसांशी बरेचदा प्रश्न विचारूनच बोलतो. काइनाला विचारतो, तसे योनालाही दोनदा विचारतो की तुझे रागावणे योग्य आहे का. निनवे शहर वाचले म्हणून योना आधीच रुसला होता. सावली देणारे रोप सुकले तेव्हा तर त्याला मरण बरे वाटू लागले. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ घराबाहेर घुश्शात उभा राहतो, तेव्हा बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. त्या भावाची तक्रार वासराच्या मेजवानीपुरती नव्हती. इतकी वर्षे राबलो, मला कुणी विचारले नाही, ही खरी बोच होती. आपल्या रागातही वरची तक्रार वेगळी आणि तळाची वेगळी असते.

दावीद, नाबाल आणि दोनशे भाकरी

अपमान, संताप आणि त्यातून सुटका यांची बायबलमधली सर्वांत तपशीलवार गोष्ट पहिल्या शमुवेलाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे.

दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता. राजा शौलापासून जीव वाचवत तो माणसांसह रानोमाळ हिंडत होता. मावोनचा नाबाल मोठा धनवान, तीन हजार मेंढरे आणि एक हजार शेरडे बाळगून असलेला. त्याचे मेंढके रानात असताना दावीदाच्या माणसांनी त्यांना त्रास दिला नाही, उलट रात्रंदिवस राखण केली. लोकर कातरण्याचा आनंदाचा दिवस आला, तेव्हा दावीदाने दहा तरुण पाठवून अदबीने काही शिधा मागितला. नाबालाने साफ उडवून लावले. कोण हा दावीद? आजकाल धन्याला सोडून पळणारे नोकर पुष्कळ झालेत, अशा अर्थाचे तो बोलला.

शिधा नाकारला यापेक्षा ‘कोण हा’ हे दावीदाला जास्त लागले असावे. त्याने तलवारी कमरेला बांधायला सांगितल्या. चारशे माणसे घेऊन तो निघाला, दोनशे सामानापाशी ठेवली. सकाळपर्यंत नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी शपथ त्याने घेतली. एका उर्मट माणसाच्या बोलण्याची शिक्षा त्याच्या गड्यांना आणि मेंढक्यांनाही मिळणार होती.

घरच्या एका नोकराने नाबालाच्या बायकोला, अबीगईलला, सगळे सांगितले. तिने वेळ दवडला नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे तयार मांस, पाच मापे हुरडा, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादून ती डोंगराच्या आडोशाने दावीदाला आडवी गेली. नवऱ्याला तिने पत्ता लागू दिला नाही.

तिचे बोलणे आजही शिकण्यासारखे आहे. ती दावीदाला ‘तुला राग यायला नको होता’ असे म्हणत नाही. नाबाल मूर्खपणे वागला हे ती मान्य करते. मग ती दावीदाला पुढचे दाखवते: देव तुला राजा करील तेव्हा उगीच रक्त सांडल्याचे, स्वतःच्या हाताने सूड घेतल्याचे ओझे तुझ्या मनावर नसावे. दावीद थांबतो. तिला आणि तिच्या शहाणपणाला आशीर्वाद देतो. तू आज मला रक्तपातापासून आवरलेस, असे कबूल करतो. सूड त्याने देवाकडे सोपवला, आणि पुढे दहाएक दिवसांनी नाबाल मेला तो दावीदाच्या तलवारीने नाही.

या गोष्टीत दावीदाची तक्रार खोटी नव्हती, पण प्रमाण पार सुटले होते. रागावलेल्या माणसाला प्रमाण कळत नाही. ते शेजारच्याला कळते. म्हणून राग नसताना एक गोष्ट ठरवून ठेवावी: मी भडकलो तर कुणाचे ऐकणार? बायको, मोठी बहीण, जुना मित्र, फादर, पास्टर, कुणीही असो, ‘थांब’ म्हणण्याचा हक्क आपण आधीच देऊन ठेवलेला एक माणूस हवा.

पहिला तास

अपमानानंतरच्या पहिल्या तासात काय करायचे, यापेक्षा काय करायचे नाही हे महत्त्वाचे.

तोंड आवरा. ऐकायला तत्पर, बोलायला धीमे आणि रागालाही धीमे असावे, असे याकोब आपल्या पत्रात (१:१९) सांगतो. इजिप्तच्या वाळवंटातल्या अब्बा अगाथोनने मौन अंगवळणी पडावे म्हणून तीन वर्षे तोंडात गोटा ठेवला, असे तिथल्या संन्याशांच्या आठवणींत नोंदले आहे. आपल्याला इतके करायला नको. ‘यावर मी उद्या बोलतो’ हे एक वाक्य पाठ असले तरी पुरे.

बोटे आवरा. ग्रुपवर उत्तर टाकू नका, स्टेटस ठेवू नका, नाव न घेता सगळ्यांना कळेल असे वचन तर मुळीच टाकू नका. बायबलच्या ओळीने टोमणा मारला तरी तो टोमणाच. मन मोकळे करायचे असेल तर वहीत लिहा आणि वही मिटा.

तक्रार देवाकडे करा, आणि ती सोवळी करून मांडू नका. स्तोत्रकर्ते देवापुढे फार मोकळे बोलले आहेत. पंचावन्नाव्या स्तोत्रात दुखावलेल्या माणसाचे दुखणे हेच आहे की वार शत्रूने केला असता तर सोसले असते. हा तर बरोबर मंदिरात जाणारा मित्र होता. एकशे नवव्या स्तोत्रातले शाप वाचताना आजही अंगावर काटा येतो. ही भाषा प्रार्थनेत आली म्हणजे ती निदान त्या माणसाच्या तोंडावर फेकली गेली नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातला सल्लाही याच वाटेने जातो: सूड आपण घ्यायचा नाही, ती जागा देवासाठी मोकळी ठेवायची.

सांगायचेच असेल तर एकाला सांगा. लाकूड संपले की आग विझते आणि कानाला लागणारा नसला की भांडण शमते, असे नीतिसूत्रांत (२६:२०) म्हटले आहे. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नका’ या वाक्याने आपल्याकडे किती सरपण पुरवले जाते, हे महिला मंडळाला आणि पुरुष मंडळालाही ठाऊक आहे.

सोडून द्यायचे की बोलायचे?

बायबलमध्ये दोन्ही सांगितले आहे. नीतिसूत्रे १९:११ नुसार अपराधाकडे कानाडोळा करण्यात माणसाची शोभा आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जाऊन त्याची चूक त्याला दाखवावी. मग केव्हा काय करायचे?

पुढचे प्रश्न कामाला येतात. हे मुद्दाम झाले की अनवधानाने? पहिल्यांदाच झाले की वरचेवर होते? यात माझ्याखेरीज आणखी कुणाचे नुकसान होत आहे का? दोनचार दिवसांनीही तो माणूस दिसला की पोटात ढवळते का? पत्रिकेत नाव राहिले हे बहुधा सोडून देण्यासारखे असते. हिशेबात गडबड केल्याचा आळ कोषाध्यक्षाने आपल्यावर चारचौघांत घेतला, तर ते बोलण्यासारखे आहे.

सोडून दिले की नुसते साठवून ठेवले, हेही तपासावे. पुढच्या भांडणात ‘आणि त्या वेळीसुद्धा तू…’ असे तोंडून निघाले, तर ते सोडलेले नव्हते, मनात अढी धरलेली होती.

काही वेळा वाट बदलणे हेच शहाणपण असते. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. येशूने त्यांनाच दटावले, आणि लूक पुढे एवढेच सांगतो की ते दुसऱ्या गावी गेले.

बोलायचे ते कसे?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम ठरलेला आहे. आधी दोघांतच, एकांतात. ऐकले नाही तर एकदोन जणांना सोबत घेऊन. तरीही नाही तर मंडळीसमोर. प्रत्यक्षात आपण हा क्रम उलटा चालवतो. आधी सगळ्या मंडळीला कळते, मग दोघेतिघे मध्यस्थीला येतात, आणि ज्याने दुखावले त्याला सर्वांत शेवटी समजते, तेही तिसऱ्याकडून.

एकांतात गेल्यावर काय बोलावे, याचे दोन नमुने नव्या करारात आहेत आणि दोन्हींत थप्पड आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायात चौकशीच्या वेळी एक शिपाई येशूला चपराक मारतो. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणारा येशू इथे मूग गिळून बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असे तो विचारतो. त्यात शिवी नाही, शरणागतीही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात प्रमुख याजक हनन्या पौलाच्या तोंडावर मारायला सांगतो, आणि पौल त्याला चुना लावलेली भिंत म्हणून मोकळा होतो. हा प्रमुख याजक आहे असे लोकांनी सांगितल्यावर मात्र तो माघार घेतो आणि शास्त्रवचनाचा आधार देऊन आपले चुकले हे मान्य करतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताचाही तोल गेला आणि त्याने तो सावरला, हे दोन्ही ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लपवले नाही.

आपल्या घरात याचे रूप काय? ‘वहिनी, तुम्ही नेहमीच मला सगळ्यांपुढे कमी लेखता’ हा वार झाला. ‘वहिनी, काल पाहुण्यांसमोर माझ्या नोकरीबद्दल तुम्ही जे बोललात ते मला लागलं. तुमच्या मनात तसं होतं, की मी चुकीचं ऐकलं?’ ही विचारणा झाली. दुसऱ्या बोलण्यात एकच प्रसंग आहे, स्वतःचे दुखणे आहे आणि समोरच्याला खुलासा करायला जागा आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुमच्या घराण्यातच’ हे शब्द आले की उणीदुणी सुरू होतात. मृदू उत्तराने राग शमतो, हे नीतिसूत्रांतले (१५:१) निरीक्षण प्रश्नालाही लागू पडते.

कधी चूक आपलीच निघते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण करताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. इथे पाऊल उचलायचे आहे ते दुखावणाऱ्याने. मत्तय अठरामध्ये ते दुखावलेल्याने उचलायचे आहे. ‘त्याने आधी यावे’ म्हणायला कुणालाच जागा उरत नाही.

मुदत म्हणजे नेमके काय?

सूर्यास्ताची मुदत म्हणजे रात्र होण्याआधी सगळे मिटलेच पाहिजे असे नाही. दमलेल्या नवराबायकोने रात्री बारापर्यंत वाद घालून तो सकाळपेक्षा वाढवण्यात काही हशील नाही. मुदत आहे ती राग जोपासण्याची. आज झोपण्यापूर्वी मी ठरवतो की याचा वचपा काढणार नाही, आणि बोलायचे असेल तर केव्हा बोलणार ते नक्की करतो. ‘आत्ता दोघेही दमलोय, उद्या चहाच्या वेळी बोलू’ असे म्हणून झोपणारे जोडपे मुदत पाळते.

संन्यासी मठांनी ही मुदत नियमात बसवली. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत, ज्याच्याशी बिनसले त्याच्याशी सूर्यास्तापूर्वी समेट करावा, हे सत्कर्मांच्या यादीत आहे. त्याच नियमावलीत सकाळ-संध्याकाळच्या उपासनेच्या शेवटी प्रभूची प्रार्थना प्रमुखाने सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणावी असे सांगितले आहे. एकत्र राहणाऱ्यांत रुसवेफुगव्यांचे काटे उगवतच असतात, आणि जशी आम्ही क्षमा केली तशी आम्हाला कर हे मागणे कानावर पडले की ज्याने त्याने आपला काटा काढावा, हे कारणही तिथेच दिले आहे. मिस्सेत ख्रिस्तप्रसादापूर्वी शांतीचे चिन्ह देतात, प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षण करायला सांगतात, त्यामागेही हीच शिस्त आहे. त्या घटकेला ज्याच्याकडे बघणे आपण टाळतो, त्याचेच काम बाकी आहे असे समजावे.

चौथ्या शतकातला संन्यासी इव्हाग्रियस याने अशा अढीवर एक साधा उपाय सुचवला होता. भेटवस्तूने मनातला डूख विझतो, असे तो म्हणतो आणि चारशे माणसे घेऊन येणाऱ्या एसावाला भेटी पाठवून शांत करणाऱ्या याकोबाचा दाखला देतो. आपण गरीब संन्यासी, भेटी कुठून आणणार, म्हणून आपण निदान जेवायला बोलवावे, असे तो पुढे सांगतो. अबीगईलच्या दोनशे भाकरी आठवल्या तर यात नवल वाटणार नाही. एका पंगतीला बसून, वाढून घेऊन, अबोला टिकवणे कठीण जाते.

क्षमा म्हणजे काय, आणि काय नाही

पेत्राने विचारले होते, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरादाखल येशूने निर्दय चाकराचा दाखला सांगितला. एका चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झाले. त्याने मात्र शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे. दुसऱ्या कर्जाकडेही नीट पाहावे. शंभर दिवसांची मजुरी ही काही चिल्लर नव्हे. आपल्याला झालेली इजा क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. ती खरी आहे, भरपूर आहे, आणि तरी आपल्याला मिळालेल्या माफीपुढे ती मोजून पाहायची आहे.

अशा क्षमेचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसाने वार करून त्यांना ठार केले. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, २००२ साली राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

क्षमा केली म्हणून कायदा गुंडाळून ठेवायचा, असा मात्र याचा अर्थ नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर येथे मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारिपदा येथील कुष्ठरुग्णांचे काम पुढे चालू ठेवले. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. क्षमा करणे ग्लॅडिसबाईंच्या हाती होते. गुन्ह्याचा न्याय करणे न्यायालयाचे काम होते.

हा फरक घरातही पाळायला हवा. मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दल ‘क्षमा कर आणि घरी जा’ असा सल्ला देणारे लोक क्षमेचा आणि सुरक्षिततेचा घोळ घालतात. हिंसा होत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जावे आणि मदत मागावी: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्याचा आधार घेण्यात क्षमेच्या विरुद्ध काही नाही. स्वतःचाच राग हाताबाहेर जात असेल, हात उठत असेल, वस्तू फुटत असतील, तर पापनिवेदनाबरोबर समुपदेशकाकडेही जावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

क्षमा म्हणजे विसरणेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा तापट स्वभाव जागोजागी येतो. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ती वर्षेही त्या पुस्तकात आहेत. लक्ष्मीबाईंनी काही झाकले नाही आणि कुठे कडूही झाल्या नाहीत. स्वतःवर आणि टिळकांवर सारख्याच मोकळेपणाने त्या हसतात. घडलेले जसेच्या तसे आठवूनही मनात डूख नसणे कसे असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे.

समेटाला मुदत नाही

राग सोडणे एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात. म्हणूनच रोमकरांस पत्रात (१२:१८) शांतीने राहा असे सांगताना पौल ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन अटी घालतो. आपण गेलो, बोललो, आणि समोरच्याने दार लावून घेतले, तर आपल्याकडून मुदत पाळली गेली.

पौलाला हे अनुभवाने माहीत होते. त्याचा सोबती मार्क पहिल्या प्रवासात मध्येच सोडून गेला होता, म्हणून त्याला पुन्हा बरोबर घ्यायला पौल तयार होईना. पौलाचा सहकारी बर्णबा मात्र मार्काला घेण्याचा हट्ट सोडेना. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले: बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. दोन्ही बाजूंनी देवाची माणसे होती आणि तरी त्या दिवशी मिटले नाही.

पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, तुरुंगातून, पौल मार्काला बरोबर घेऊन यायला सांगतो, कारण तो आपल्या सेवेत उपयोगी आहे. मधल्या वर्षांत कोण कुणाकडे आधी गेले, हे बायबल सांगत नाही. पण ‘त्याचे तोंड पाहणार नाही’ अशी भाषा पौलाने तोडून जाताना केली असती, तर मार्काला बोलावणारे ते वाक्य लिहिणे त्याला फार जड गेले असते. रागाच्या पहिल्या संध्याकाळी आपण काय बोलत नाही, यावर परतीची वाट अवलंबून असते.